संकासुराचा चष्मा

दादा गेल्यावर चार महिन्यांनी मी देवीकडे डावी पाकळी मागितली, आणि तिने ती दिली नाही. आमच्या पेडण्याकडच्या गावात देवीला काही विचारायचं तर मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न असा होता की वार्षिक काल्यातलं संकासुराचं सोंग, ज्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे, ते यंदा धाकट्या भावाने, म्हणजे मी, घ्यावं का? गावकर हात जोडून उजवीची वाट बघत होते आणि त्यांच्यातच उभा राहून, डोळे मिटून, मी डावी मागत होतो. उजवी पडली. कुणी टिचकी मारावी तशी पडली. माझा देवीवर फारसा भरवसा उरलेला नव्हता. जो होता तोही त्या क्षणी गेला.

ज्यांनी काला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काला म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक. त्याच्या सुरुवातीला संकासूर येतो. डोक्यापासून पायापर्यंत काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, त्यावर रंगवलेले पांढरे डोळे आणि छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. हा असुर ब्रह्मदेवाचे वेद चोरतो, सूत्रधाराशी हुज्जत घालतो, गावातल्या सगळ्यांची टिंगल करतो आणि शेवटी वेद पोटात घालून विष्णूच्या हातून मरतो. त्याची वाक्यं कुठेही लिहिलेली नसतात. दादा दिवसभर पाळी गावातल्या खाणीवरचा ट्रक चालवायचा आणि वर्षातून एकदा संकासूर होऊन पाचशे माणसांना पोट धरून हसवायचा. मी डिचोलीच्या एका शाळेत ग्रंथपाल. सर्वणला राहतो, हळू बोलतो, आणि मी केलेल्या विनोदावर आजवर फक्त दादा हसला आहे, तोही मायेपोटी.

वीस वर्षं मी त्याच्या मागे होतो की तुझी बोलणी मला लिहून घेऊ दे. तो म्हणायचा, "लिवन कपाटात घालशीत आणि कुलूप लावशीत. माका म्हायत असा तू." ते खरंच होतं. माझ्या ग्रंथालयातली कपाटं काचेची आहेत आणि किल्ल्या माझ्या खिशात असतात. पुस्तक फाटतं, हरवतं, त्यावर चहा सांडतो. त्यापेक्षा ते काचेतून दिसलेलं बरं, असं माझं मत होतं. श्रावणात एका दुपारी दादाच्या छातीत कळ आली तेव्हा माझा फोन बंद होता, कारण ग्रंथालयात शांतता राखावी असा नियम मीच लिहून भिंतीवर लावला आहे. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्याचं एक वाक्यही माझ्याजवळ राहिलं नाही, हे दुःख मला त्याच्या जाण्याइतकंच मोठं वाटे.

मग मी मला येतं ते केलं. पुराणं काढली, टिपणं केली आणि संकासुराची अठरा पानांची भाषणं शुद्ध मराठीत लिहून काढली. "हे सूत्रधारा, त्रैलोक्यात विख्यात अशा माझ्या पराक्रमाची वार्ता" अशी सुरुवात होती. वहिनीला वाचून दाखवली. दादा गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती. तांदूळ निवडता निवडता तिने चार पानं ऐकली आणि म्हणाली, "भावजी, ह्यां आयकल्यार विष्णूक येवचां पडाचां ना. संकासूर आपसूकच मरतलो." चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. मला मात्र ते हसणं तेव्हा लागलं.

पाठांतर मला जमेना. तेव्हा एक युक्ती सुचली. संकासूर जे वेद चोरतो ते म्हणजे लाल फडक्यात गुंडाळलेली शाळेची एक जुनी वही. त्या फडक्यात मी माझी वही घालून ठेवली. वेद चोरायचे आणि उघडून सरळ वाचायचे. ग्रंथपालाला याहून सोयीचं सोंग कुठलं मिळणार, असं मनाशी म्हणून मी निश्चिंत झालो.

काल्याच्या दिवशी दिवेलागणीला मला झगा चढवला. सूत्रधार बाबुली दादाचा बालमित्र. बुरखा घालताना त्याने माझ्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेतला. "असुराक चष्मो? राक्षस काय पेन्शनीत गेलो?" मी काही बोलायच्या आत बुरखा खाली आला आणि मृदंग सुरू झाला.

पुढचं सांगताना अजूनही कानशिलं तापतात. मी नाचलो, म्हणजे झग्यात पाय अडकून दोनदा हेलकावलो. ब्रह्मदेवाकडून वेद हिसकावले. फडकं सोडलं, वही उघडली, आणि समोर पांढऱ्यावर काळ्या मुंग्या. वही जवळ नेली, लांब नेली, उलटी केली. बाबुली विचारतो आहे, "अरे असुरा, वेद कित्याक चोरलंस?" आणि असुर वही नाकाला लावून गप्प. पहिल्यांदा एक पोर हसलं. मग बाया हसल्या. मागून कुणी ओरडलं, "चोरल्यान खरे, पण वाचूक येनत तेका!" आणि अख्खा मांडव हसून फुटला. मला वाटलं, दादाचा मान आज मी या मांडवात पुरला. उद्या तो दुसऱ्या घराकडे जाईल आणि वहिनीला ते बसून बघावं लागेल. मी बुरख्याच्या आत म्हटलं, आई, मला काही येत नाही. आता तूच बघ. ही प्रार्थना नव्हती, हात टेकणं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेच्या कडेला गुळाचं खाजं विकणारी एक म्हातारी उठली. मालवणाकडून ती जत्रा-जत्रा फिरते. मी तिच्याशी कधी बोललेलो नव्हतो. कमरेच्या बटव्यातून तिने जाड काड्यांचा एक चष्मा काढला, मंचाच्या कडेशी आली आणि म्हणाली, "घे रे राक्षसा. घाल आणि वाच." मी तो बुरख्यावरच, रंगवलेल्या डोळ्यांवर चढवला. एवढं हसू मी दादाच्या काळातही ऐकलं नव्हतं. बाबुली सूत्रधार असूनही खाली बसला. आणि त्या चष्म्यातून मला आधीपेक्षाही कमी दिसत होतं.

"दिसला?" म्हातारीने विचारलं.

"काय दिसणा ना गे," मी म्हणालो. माझ्या तोंडून आलेला हा पहिला संवाद, आणि तो अठरा पानांत नव्हता.

"मगे मी सांगतंय ता म्हण. वेद कित्याक चोरलंय? वाचूक न्हय रे! बायलेन सांगल्यान, बाजारातसून रिकाम्या हातान येव नको."

हे दादाचं वाक्य होतं. ऐकताक्षणी मला ते आठवलं, त्याच्या आवाजासकट. मी ते ओरडून म्हटलं. लगेच उजवीकडून एका माणसाने पुढचं वाक्य दिलं. मग शाळकरी मुलींच्या घोळक्यातून तिसरं आलं. एकाला चुकलं तर दुसरा दुरुस्त करत होता. वीस वर्षं मी जे मागत होतो ते साऱ्या मांडवात वाटलेलं होतं आणि मी वही घेऊन एकट्या दादाच्या मागे लागलो होतो. शेवटी विष्णू आला, सुदर्शन उगारलं, आणि मी थांबलो. तेव्हा बायकांमधून एक बारीक आवाज आला. वहिनीचा. "मारतंस तर मार देवा, पण आधी ती पुस्तकां भायर काढ. माझ्या पोटात रवली तर कुजतली."

मी ते म्हटलं आणि मेलो. नियमापेक्षा जरा जास्त वेळ पडून राहिलो, कारण बुरख्याच्या आत मला रडायला तेवढाच आडोसा होता.

चष्मा परत द्यायला गेलो तेव्हा म्हातारी खाजं पुड्यांत भरत होती. मी म्हटलं, "आजी, तुमचा नंबर फार जाड आहे हो."

"माझो खयचो? माका खय वाचूक येता? घोवाचो तो. तीन वर्सां झाली तेका जावन." तिने चष्मा पदराने पुसला. "तेका तुझ्या भावाचो खेळ लय आवडायचो. लांबसून बघूचो. आज एकदम मदी, तुझ्या नाकार बसान बघितल्यान." मग माझ्या हातात खाज्याची पुडी कोंबून म्हणाली, "रडतंस कित्याक? मेलंस तर बरो मेलंस. भावासारखो."

हा चमत्कार होता का, हे मी कुणाला पटवायला जाणार नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेत गेलो आणि कपाटांची कुलपं काढून ठेवली. माझ्या पाठीमागे मुलं मला संकासूर म्हणतात हे मला माहीत होतं. ते पुस्तकं दडवून ठेवतो म्हणून नव्हे, दादामुळे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. महिन्याभरात सात पुस्तकं हरवली आणि एकावर चहा सांडला. ती मुलं आता मधल्या सुट्टीत संकासुराची वाक्यं एकमेकांना ऐकवतात, माझीही नक्कल करतात, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होते.

परवा, वर्षभराने, यंदाच्या काल्यासाठी पुन्हा पाकळ्या लावल्या. गावकर हात जोडून उभे होते, मीही होतो. या खेपेला मी देवीला कुठलीच बाजू सुचवली नाही. नुसता उभा राहिलो, खिशात बुरख्यावर चढवायचा माझा जुना चष्मा आहे ना एवढं मात्र एकदा चाचपून पाहिलं.