डोंगरे सरांचा तारा

अबोली करकरेचं काम चुंबकांवरचं. चुंबक तरी केवढे, तर डोळ्यांना कधी दिसणार नाहीत, फक्त कॉम्प्युटरच्या गणितात सापडतील एवढे. पण प्रबंधाचं पहिलं प्रकरण मात्र एका ताऱ्याच्या वातावरणावर! कारण डोंगरे सरांच्या हाताखाली पीएचडी करायची, तर सरांच्या ताऱ्याला, म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरवर बनवलेल्या त्याच्या मॉडेलला, मुजरा करूनच पुढे जायचं. चुंबक काय नि तारा काय, समीकरणं सोडवायची पद्धत तीच, असं सर म्हणत. पिपलानीच्या क्वार्टरमधून स्कूटीवर येणाऱ्या या पोरीने ते प्रकरणही मुकाट्याने लिहून टाकलं. प्रबंधावर नाव अर्थात तिचं.

तोंडी परीक्षेची तयारी करताना तिला घोळ सापडला. ताऱ्याच्या थरांची तापमानं सरांनी त्याच्या मोजलेल्या प्रकाशावरूनच काढली होती. तीच मॉडेलमध्ये घातली, आणि मॉडेलमधून तोच प्रकाश निघाला म्हणून गडी वर्षानुवर्षं मिरवत होता. अहो, चहात साखर आपणच घालायची आणि गोड लागला म्हणून टाळ्या पिटायच्या, त्यातलाच हा प्रकार.

शहाणी असती तर गप्प बसली असती. डिग्री मिळाली की कोलार रोडच्या कॉलेजातली नोकरी पक्की होती. पण चारचौघांत सरांची शोभा नको, म्हणून ती आदल्या संध्याकाळी साकेत नगरला त्यांच्या घरी गेली, सगळं समजावून सांगितलं आणि ते प्रकरण काढायची परवानगी मागितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आग्रहाने पोहे खायला लावले. आता ऐनवेळी बदल नको, उद्या मी सांभाळून घेतो, म्हणाले. तिच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते, सही तेवढी बाकी होती. तेवढ्यात सर उठले.

"अबोली, ज्या प्रकाशाशी हा तारा जुळवलास, त्यातूनच तापमानं घेतली होतीस का?"

प्रश्न तिचाच होता, शब्दसुद्धा तिचेच.

"हो सर. पण मॉडेल तुमचं आहे."

"माझ्या मॉडेलचं मी बघेन. प्रबंध कुणाचा आहे?"

"माझा."

प्रबंध परत आला. नोकरी दुसऱ्याला गेली. सर आपल्या विद्यार्थिनीचीही गय करत नाहीत, असं कौतुक मात्र डिपार्टमेंटभर झालं.

अबोली आता प्रबंध पुन्हा लिहितेय. पहिलं प्रकरण ताऱ्यावरच आहे, सरांच्या सुधारलेल्या मॉडेलचं. जुन्या मॉडेलमधली चूक डोंगरे सरांनी शोधून काढली, हे वाक्य तिने त्यात स्वतःच्या हाताने टाईप केलंय.