बर्फाला थांबता येतं

जान्हूबाई बर्फाच्या लादीवर बोटांची हाडं आपटून आवाज ऐकायची, मडकं घेताना आपण ऐकतो तसा. "कच्ची हाय," म्हणाली की लादीचा डबा परत गार खाऱ्या पाण्याच्या टाकीत. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना होता, तो ती सांभाळायची.

वीज कंपनीची नवी योजना आली, तीही मला तिनंच पायरीवर बसून समजावली. "सांजेला सगली घरं एकदम दिवे, पंखे, टीव्ही लावतात. बोईसरच्या कंपन्या चालूच. तवा जास्तीची वीज आनायची कुठून? म्हनून ज्याला थांबता येतं त्याला थांबवायचं, नि बिलात सूट द्यायची. दुपारी टाकी गार करून ठेवली की बर्फाला थांबता येतं. म्हावऱ्याला नाय."

मी तेव्हा पन्नाशीची, अक्कल मात्र परकरातली. त्याच संध्याकाळी घरातले सगळे दिवे मालवून मी देशसेवा सुरू केली आणि पाटाला अडखळून आमटीसकट आडवी झाले. जान्हूबाई पोट धरून हसली. "ट्यूब मालवली, नि गिझर चालूच ना? धन्य हाय बाई तुमची!" चालूच होता.

सोसायटीचा चेअरमन तिचा पुतण्या. त्याच्याकडे तिनं दोन गोष्टी मागितल्या. आमच्या खाडीत होड्या भरतीलाच आत येतात आणि भरतीची वेळ रोज सरकते. भरती संध्याकाळी असेल त्या दिवशी कंपनीला नाही म्हणायचं. आणि बर्फ फोडायच्या यंत्राला वेगळी तार द्यायची, म्हणजे कारखाना बंद असला तरी ते चालेल.

"काकी, कंपनीला परस्पर बंद करू दिलं तरच जास्त सूट. सही झालीय."

"सही तू केलीस. फोडायचा कोनी?"

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी भरल्या होड्या खाडीत शिरल्या, कंपनीनं वीज बंद केली आणि कारखाना गप्प पडला. लाद्या होत्या, पण अख्ख्या लादीत बोंबील पुरायचा कसा? जान्हूबाईनं कुदळ उचलली. बायांनी धोंडे घेतले, मुसळं आणली. हात फुटले, बर्फ लाल झाला, तरी निम्मी मासळी खतात गेली.

सभेत ठपका तिच्यावर. दुपारीच फोडून का नाही ठेवला?

"सांजेपर्यंत त्याचं पानी व्हतं रे! सरबत करू?"

कुणी हसलं नाही. ज्यांची उरलेली मासळी तिनं वाचवली, त्यांनीही माना खाली घातल्या. पुतण्यानं काकीकडून किल्ली काढून घेतली. त्याच वर्षी वीज वाचवल्याबद्दल त्याच्या गळ्यात हार पडला.

वेगळी तार आली ती त्यानंतर. नारळ त्यानंच फोडला. ही बातमी घेऊन मी माकुणसारला गेले. जान्हूबाई तिथं लेकीकडे अंथरुणाला खिळली होती. वाटलं, आता हिच्या तोंडून खणखणीत शिव्या ऐकायला मिळतील.

ती म्हणाली, "बरं झालं. बायांचे हात वाचतील."

आठवड्याभरात गेली. शिव्या मी घातल्या, तिला पोचवून येताना वाटभर. तिच्या वाटणीच्याही.