टाळूवरचा दाणा

दातांच्या मॉडेलची नक्कल काढायची तर आधी त्याला पाणी पाजावं लागतं. कोरडं प्लास्टर फार अधाशी असतं. तसंच साच्यात ठेवलं तर ते साच्यातलं पाणी ओढून घेतं आणि नक्कल खरबरीत निघते. बरं, साधं पाणीही चालत नाही, त्यात प्लास्टरचा वरचा थर विरघळतो. म्हणून माझ्याकडे एका बादलीत प्लास्टरचे तुकडे कायम भिजत पडलेले असतात आणि त्या गढूळ पाण्यात मॉडेलं बुडवून ठेवलेली असतात. सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझी लॅब आहे. घरी येणारे पाहुणे बादलीत डोकावतात आणि आतले जबडे बघून दचकतात. मी त्यांना मुद्दाम आधी सांगत नाही.

पुढचं काम स्वयंपाकघरातल्यासारखंच. अगार म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रासच, फक्त जास्त घट्ट. तो वितळवून, हाताला सोसेल इतका निववून मॉडेलवर ओतायचा. गोठला की मॉडेल अलगद सोडवून घ्यायचं आणि मागे राहिलेल्या पोकळीत कालवलेलं पातळ प्लास्टर थरथरत्या व्हायब्रेटरवर हळूहळू सोडायचं. मूळ मॉडेल डॉक्टरांचं, त्याला ओरखडासुद्धा लागता कामा नये. तारा बसवणं, ॲक्रिलिक चढवणं, जे काही हाल करायचे ते नकलेचे. मूळ मॉडेल डब्यात जातं आणि सहसा पुन्हा बाहेर येत नाही.

आता माझ्या खोडीबद्दल. डॉक्टर तोंडाचं माप घेतात तेव्हा मापाच्या लगद्यात कुठेतरी हवा अडकते. तिथे प्लास्टर भरतं आणि मॉडेलवर एक फालतू दाणा उमटतो. टाळूवर तर हमखास. असा दाणा दिसला की माझे हात शिवशिवतात. नकलेवरचे दाणे मी सुरीच्या टोकाने उडवते, वर बारीक पॉलिश पेपर फिरवते. घरात माझ्या या टापटिपीला सगळे वैतागलेले आहेत, पण डॉक्टरमंडळी खूश असतात. एक जण तर म्हणाले होते, "मॅडम, तुमची नक्कल मूळ मॉडेलपेक्षा देखणी असते." हे वाक्य मी निदान चार जणांना ऐकवलं असेल.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर चांदवडकडच्या एका मुलीचं वरच्या जबड्याचं मॉडेल आलं. मुलगी सातवीतली. दात पुढे आलेले, त्यांना मागे ओढायला तारेची प्लेट करायची होती. ही ॲक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची प्लेट टाळूला चिकटून बसते आणि काढता-घालता येते. मी नेहमीप्रमाणे नक्कल काढली, साफ केली, तिच्यावर प्लेट बनवली आणि पाठवून दिली. त्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं.

काही दिवसांनी प्लेट परत आली. डॉक्टरांचा फोन आला, "पोरगी घालत नाहीये. घट्ट होतेय म्हणते. जरा बघा." आमच्या धंद्यात याचा अर्थ ठरलेला असतो. मुलं प्लेट घालत नाहीत, दात जागचे हलतात, मग प्लेट बसत नाही आणि मुलं म्हणतात, टोचते. दहातल्या नऊ वेळा हेच खरं निघतं. मी प्लेट नकलेवर बसवून पाहिली. टच्च बसली. किंचित घासल्यासारखं केलं आणि परत पाठवली.

चैत्र उलटून गेल्यावर डॉक्टरांनी त्या मायलेकींना थेट माझ्याकडेच धाडलं. आई खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली, "लय खोटारडी झालीय वो मॅडम ही. रोज घालते म्हणती. डॉक्टर म्हणत्यात, घातलीच नाय. समदे गडावर गेले चैत्रात, हिला नाय नेली. आजीपाशी ठिवली घरी. म्हणलं, खरं बोलशील तवा नेऊ." चैत्रात तिकडची घरंच्या घरं वणीच्या गडावर जातात. ही एकटी मागे राहिली होती. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

मला आईचं काहीच वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. उलट मला जोर चढला. मी कपाटातून नक्कल काढली, तिच्यावर प्लेट बसवली आणि मुलीच्या समोर धरली. "बघ बाळा, हे तुझेच दात. कशी बसलीये? जरासुद्धा हलत नाही. आपण काहीही बोलू, मॉडेल खोटं बोलत नाही."

मुलीने बराच वेळ त्या नकलेकडे पाहिलं. मग तोंडात बोट घालून म्हणाली, "हितं टोचतं."

"परत तेच!" आई म्हणाली.

मुलीने पुन्हा नकलेकडे पाहिलं. मान खाली घातली. "नाय घातली मी. आता घालीन."

"केलं ना शेवटी कबूल!" आईच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. माझ्याही आलं असणार. मी तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "शहाणी आहेस." प्लेटची तार जराशी सैल वाटत होती, म्हणून ती माझ्याकडे ठेवून त्या मेनरोडला बाजार करायला गेल्या. येताना घेऊन जाणार होत्या.

तार आवळून झाली. आवरताना नक्कल ठेवायला म्हणून डबा उघडला, तर आत तिचं मूळ मॉडेल. ते सहज हातात घेतलं आणि तिने बोट लावलं होतं तिथेच, पुढच्या दातांच्या मागे, माझा अंगठा टेकला. मुगाच्या डाळीएवढा उंचवटा. मी तो नखाने खरवडून पाहिला. हवेचा दाणा मॉडेलवर नुसता चिकटल्यासारखा असतो, त्याच्या कडेत नख शिरतं. याच्या कडेत शिरेना. तो हिरडीतूनच चढत वर आला होता. आत दात होता, टाळूतून वाट काढत वर येणारा. डॉक्टरांच्याही नजरेतून तो निसटला होता, पण तो मॉडेलवर तरी होता. माझ्या नकलेवर त्या जागी गुळगुळीत होतं. मी प्लेट मूळ मॉडेलवर ठेवली. ती डुगडुगली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर ते पोर वर येणाऱ्या दातावर ॲक्रिलिक दाबून घेत होतं आणि घरादाराच्या शिव्या खात होतं. आणि मी, साक्षीला माझीच नक्कल काढून तिच्या तोंडासमोर धरली होती.

तरीही फोन मी आधी डॉक्टरांना केला. ते म्हणाले, "अरेच्चा. माझ्याही लक्षात यायला हवं होतं. मी एक्स-रे काढून बघतो. तुम्ही प्लेट तेवढी आतून पोकळ करून द्या. आणि त्यांना काही बोलू नका. होतं असं. उगाच विश्वास उडतो लोकांचा." हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हायसं वाटलं. प्लेट घासून तिला खळगा पाडला, मूळ मॉडेलवर बसवून पाहिली, चकाकी आणली. सगळं गुपचूप निस्तरलं होतं.

त्या परत आल्या. आईच्या हातात पिशव्या, मुलीच्या हातात नवं दप्तर. मुलीने प्लेट तोंडात घातली. जीभ फिरवली. मग चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "टोचत नाय."

"बघा!" आई म्हणाली. "कबूल केलं आन् बसली. लय उपकार झाले मॅडम. तुमी दम दिला म्हणून."

त्या 'उपकार'नेच माझा घात केला. मी म्हणाले, "ताई, बसा जरा." दोन्ही मॉडेलं टेबलावर मांडली, त्यांचा अंगठा धरून आधी एकावर टेकवला, मग दुसऱ्यावर. "हे तुमच्या मुलीचं तोंड. हे मी केलेलं. हा उंचवटा म्हणजे तिचा दात आहे, आतून येतोय. मी त्याला कचरा समजून खरवडून टाकला. प्लेट तिला टोचतच होती. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. चूक माझी आहे."

मला वाटलं, बाई आता माझ्यावर भडकतील. भडकल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या नुसत्या अंगठा फिरवत राहिल्या, एकदा या मॉडेलवर, एकदा त्या. मग लेकीकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आन् मंग नाय घातली असं का म्हणलीस गं?"

मुलगी गोंधळली. आता कोणतं उत्तर दिलं की ओरडा बसणार नाही, याचा ती अंदाज घेत असावी.

"घालत होते मी रोज," ती म्हणाली. "पण मॅडमनी त्या दातांवर बसवून दाखवली ना. त्यात नीट बसली. मंग मला वाटलं, माझंच तोंड चुकीचं हाय."