तलावाकडची बाल्कनी

तलावाकाठच्या बूढापारा वस्तीतलं आमचं भाड्याचं घर पाडून तिथे फ्लॅट होणार होते. आईचं म्हणणं एकच, कुठेही ने, पण तलाव दिसला पाहिजे. काठाने फिरायचा रस्ता आणि दिवे झाल्यापासून तिथली भाडी वाढली होती, घरमालकांचा तोरा त्याहून जास्त. त्यात घरात म्हातारं माणूस आहे म्हटलं की ते नाक मुरडत. दुखणंखुपणं नको असे त्यांना. शेवटी मी आईचा विषयच काढेनाशी झाले.

तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मनात भरला. बाल्कनीत उभं राहिलं की सगळा तलाव समोर. मालकीणबाई आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या, मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. हा फ्लॅट मात्र त्या फक्त संध्याकाळी दाखवत. पगार विचारला नाही, खाणंपिणं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "दुपारी घरी कोण असते?"

मी ऐटीत सांगितलं, कोणी नाही, सकाळी लावलेलं कुलूप संध्याकाळीच उघडेल, तुम्हाला काडीचा त्रास नाही. काकूंचा चेहरा पडला. पाहू, म्हणाल्या.

असा भाडेकरू कुणाला नको असेल? मला काही चैन पडेना. नसत्या चौकशांची खोड आहेच मला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून निघाले आणि थेट तिसरा मजला गाठला. दार सताड उघडं होतं. बाल्कनीभर जुन्या साडीवर कोहळ्याचे सांडगे पसरलेले, आणि काकू काठी घेऊन कबुतरं हाकत बसलेल्या.

मला पाहून त्या ओशाळल्या. बिल्डिंगच्या गच्चीवर वाळवणाला बंदी होती आणि त्यांच्या स्वतःच्या घरात ऊन येत नव्हतं.

"कुलूप लावून जाणाऱ्याले घर देलं, तर हे कुठं वाळवू मी? तूच सांग."

मग मी भीतभीतच सांगितलं की आई आहे, सोबतच राहणार, दिवसभर घरीच असते.

"मग काल काहून नाही बोलली?" म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

राहायला आल्यावर पहिल्याच दुपारी मी ऑफिसातून आईला फोन केला. तलाव नीट दिसतो का, विचारलं.

"तलाव पाहायले फुरसत कोणाले आहे?" ती म्हणाली. "आम्ही दोघी कबुतरं हाकून राहिलो. ठेव फोन."