बाकापलीकडची कवळी

या कारखान्याने वीज जितकी वर्षं बनवली, त्याहून जास्त वर्षं तो मोडण्यात गेली आहेत आणि मोडणं अजून संपलेलं नाही. अणुभट्टी बंद झाली तेव्हा कामगारांनी पोटापाण्याची काळजी केली होती. ती फुकट गेली. विजेला गिऱ्हाईक मिळेनासं होऊ शकतं, पण किरणोत्सारी भंगाराला गिऱ्हाईक कधीच नसतं, त्यामुळे ते सांभाळणाऱ्याची नोकरी सर्वांत पक्की.

अशा पक्क्या नोकरीत बाकमास्तरांचा जन्म गेला. त्यांच्या ताब्यात एक बाक होता. स्टीलचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, कपडे बदलायच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा ठोकलेला. बाकाच्या अलीकडे स्वच्छ जग, म्हणजे तुमचंआमचं. पलीकडे भट्टी आणि तिची किरणोत्सारी धूळ. आतून आलेल्या माणसाने बाकावर बसायचं, एका बुटावरची प्लास्टिकची पिशवी काढायची, तो पाय अलीकडे टाकायचा, मग दुसरा. बाकमास्तर अलीकडे खुर्ची टाकून हे पाय बघत. सासरची मंडळी जावयाचं कौतुक करताना ‘ते अणुशक्तीत आहेत’ एवढंच सांगत आणि पुढचं विचारायला कोणाला वाव देत नसत.

बाकमास्तरांचा नियम एकच होता: पलीकडे पडलं ते पलीकडचं. या नियमाने त्यांनी एका बड्या सल्लागाराचं घड्याळ ठेवून घेतलं होतं, साहेबांची दोन पेनं घेतली होती आणि एका निरीक्षकाचा चष्मा. निरीक्षक भिंतीला हात लावत लावत बाहेर गेला आणि अहवालात ‘सुरक्षा व्यवस्था उत्तम दिसली’ असं लिहून मोकळा झाला.

मग मेहुण्याची अंगठी आली. मेहुणा, म्हणजे बाकमास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, तिथेच आतले पाइप कापायच्या कामावर. एके दिवशी लग्नाची अंगठी काढायला विसरला आणि नेमका त्याच दिवशी हातमोजा फाटला. अंगठी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. किरणोत्सार मोजणाऱ्या मापनवाल्या बाईंनी यंत्र फिरवलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

“भावोजी, यंत्र गप्प आहे,” मेहुणा म्हणाला.

“यंत्र गप्प आहे म्हणजे अंगठी स्वच्छ आहे असं नाही. नक्षीच्या खाचांत काय बसलंय ते यंत्राला दिसत नाही. पिशवीत टाक.”

“घरी काय सांगू?”

“सांग, सुरक्षित आहे.”

यात तसूभरही खोटं नव्हतं. अंगठी पिवळ्या पिशवीत गेली, पिशवी ड्रममध्ये, ड्रममध्ये काँक्रीट, आणि ड्रम जाड भिंतींच्या कोठारात. तिथे कॅमेरे आहेत, पहारा आहे आणि तीनशे वर्षं लक्ष ठेवायची लेखी हमी आहे. मेहुण्याच्या स्वतःच्या घराला साधं कुंपण नाही.

त्या दिवसापासून मेहुण्याने बहिणीच्या घरी जेवायला यायचं सोडलं. बाकमास्तरांच्या बायकोने मध्यस्थी करून पाहिली, मग तोंड सोडून पाहिलं. “माझ्या भावाची अंगठी ड्रममध्ये आणि तुमचा हट्ट घरात. उलट झालं असतं तर किती बरं!”

बाकमास्तर म्हणत, “नियम नात्यागणिक बदलला तर तो नियम कसला?” आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत.

असं चालता चालता निवृत्ती आली. निरोप समारंभात बाकमास्तर बोलणार होते. विषय त्यांनीच निवडला होता: शिस्त. कित्येक आठवडे ते कपाटाच्या आरशासमोर हातवारे करत होते. बायकोला भाषण इतकं पाठ झालं होतं की तीही ते करू शकली असती, आणि निम्म्या वेळात. जन्मभर लोकांच्या पायांकडे बघितलेल्या माणसाला एकदाच लोकांच्या तोंडाकडे बघून बोलायचं होतं. मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते. एवढ्यासाठी वरची नवी कवळीसुद्धा केली होती. ती जराशी सैल होती, पण दिसायला झकास.

समारंभ दुसऱ्या दिवशी, आणि बाकावरची शेवटची पाळी आदल्या दिवशी. पाळी सुटली, आतली माणसं रांगेने येऊ लागली. मेहुण्याची वेळ आली. तो बाकावर बसला, एका पायाची पिशवी काढली, तो पाय अलीकडे टाकला. आणि मग दुसरा पाय, पिशवीसकट, उचलून बाकावर आणला. हे चुकून झालं की मुद्दाम, यावर कारखान्यात अजून एकमत नाही.

बाकमास्तर खुर्चीतून ताडकन उठले आणि ओरडले, “पाय!”

त्या एका शब्दात सगळ्या नोकरीचा जोर होता. तो कवळीला पेलवला नाही. ती तोंडातून निघाली, बाकावरून गेली, पलीकडच्या फरशीवर आपटली आणि घसरत घसरत मेलेल्या माशासारखी मोरीच्या जाळीपाशी थांबली.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण पडायचं ते पडून गेलं होतं. मेहुण्याने आधी मोकळ्या पायावर नवी पिशवी चढवली आणि दोन्ही पाय मागे घेतले, अगदी नियमाप्रमाणे. मग हातमोजे घातले, कवळी उचलली आणि तळहातावर घेऊन बाकापर्यंत आणली. बाकाच्या वर नाही, अगदी कडेपर्यंत.

“भावोजी,” तो म्हणाला, “पलीकडे पडलं की हो.”

रांगेतून खुसखुस सुरू झाली. तेवढ्यात साहेब धावत आले. त्यांना कवळीपेक्षा कार्यक्रमपत्रिकेची चिंता होती, ती छापून झाली होती.

“अहो, धुऊन घ्या आणि घाला,” साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “कोण बघतंय?”

सगळी रांग बघत होती. मापनवाल्या बाईंनी न सांगता यंत्र आणलं, कवळीवरून पुढून फिरवलं, मागून फिरवलं. यंत्र गप्प.

“यंत्र गप्प आहे, भावोजी,” मेहुणा गोड आवाजात म्हणाला. “न्या की.”

आता खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं काय टांगणीला लागलंय ते. कवळी उचलली तर भाषण वाचत होतं, पण मग अंगठीही द्यायला हरकत नव्हती, आणि इतकी वर्षं नियम म्हणून जे चालवलं ते नुसतं आडमुठेपण ठरत होतं. कवळी सोडली तर नियम वाचत होता आणि नियमाबद्दल बोलायला तोंड उरत नव्हतं. बाकमास्तर खाली वाकले. टाळूकडचा गुलाबी भाग, दातांच्या मधल्या खाचा, सगळं निरखून पाहिलं. दुसऱ्याच्या अंगठीकडे पाहिलं होतं तितकंच बारकाईने, त्याहून बऱ्याच जास्त वेळ.

“पिशवी,” ते म्हणाले. आवाज हवा गेलेल्या चेंडूसारखा आला, पण शब्द सगळ्यांना समजला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने कवळी पिवळ्या पिशवीत टाकली आणि तोंड बांधलं. पिशवीचं. साहेबांना पुढचा पेच पडला होता: हा कचरा भट्टीचा धरायचा की दवाखान्याचा? त्यासाठी त्यांनी उभ्याउभ्या एक समिती नेमली. ती अजून बसलेली आहे.

घरी बायकोने दार उघडलं. “तोंड का असं मिटलंय?” बाकमास्तरांनी कशीबशी हकिगत सांगितली. ती आधी पोट धरून हसली. मग थांबून म्हणाली, “आणि तो काय म्हणाला?”

“न्या म्हणाला.”

“मग तुम्ही?”

“पिशवी.”

ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी पानात सगळं मऊ होतं.

समारंभाला साहेबांनी भाषण रद्द करायचं सुचवलं. बाकमास्तर ऐकतात होय! ते उभे राहिले, कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिलं वाक्य म्हणाले. सभागृहात वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटलं. दुसरं वाक्यही तसंच गेलं. मुख्य कचेरीचे पाहुणे मान हलवत राहिले. त्यांना भाषणं न समजण्याची सवय होती.

तेव्हा मागून मेहुणा उठला आणि मंचावर येऊन शेजारी उभा राहिला.

“मी सांगतो ते काय म्हणतायत ते. घरचा माणूस आहे.”

बाकमास्तरांनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं आणि शिस्तीच्या उगमापासून तिच्या ऱ्हासापर्यंतचा मोठा परिच्छेद एका दमात वाचला.

“भावोजी म्हणतात, पाय सांभाळा,” मेहुणा म्हणाला.

टाळ्या पडल्या. पुढचा परिच्छेद आला, तोही तेवढ्यातच आटपला. लोक खूश होते, इतकं चांगलं भाषण त्या सभागृहात कधी झालं नव्हतं. मग बाकमास्तर बुटांवरच्या पिशव्यांच्या दर्जाबद्दल काही सांगत होते, तेव्हा मेहुण्याने घसा साफ केला.

“भावोजी म्हणतात, अंगठीचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण इलाज नव्हता.”

पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने मान वर केली. बाकमास्तर थबकले. त्यांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, मेहुण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

नवी कवळी आली, ती घट्ट आहे. मेहुणा पुन्हा जेवायला येऊ लागला आहे आणि पहिल्यासारखाच दर वेळी बुडाशी लागलेलं मागून घेतो. तो गेल्यावर एकदा बायकोने विचारलं, “खरं सांगा, अंगठीचं तुम्ही खरंच म्हणाला होतात?”

“नाही,” बाकमास्तर म्हणाले. “मी पिशव्यांबद्दल बोलत होतो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

बाकमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “माझ्या नावावर पडलं होतं,” ते म्हणाले. “आता ते परत कसं उचलणार?”