गंमतघरावरचं टिंब

भिंतीवर लावायची जाड, उठावाची अक्षरं ती करायची, म्हणून सगळे तिला अक्षरवाली म्हणत. दुकानांच्या पाट्या, शाळेतली लाकडी झाडं, हॉटेलातली खोटी गुहा, सांगाल ते. शिकली नवऱ्याकडून. पहिली दोन वर्षं त्याने तिला नुसता पॉलिशपेपर दिला, करवतीला हात लावू दिला नाही, असा खडूस गुरू. पुढे त्याला झटका आला नि उजवा हात लुळा पडला.

"देवाने उजवं अंग नेलं, अर्धांगिनी तेवढी ठेवली," असं तो येईल त्याला सांगे. हसायचा, पण मग दिवसभर कारखान्याच्या कोपऱ्यात गप्प बसून राहायचा. तिला ते बघवेना.

"अहो, टिंबं तुम्हीच करा," ती एकदा म्हणाली. "माझ्याकडून धड होत नाहीत."

धादांत खोटं! पण टिंबाचं काम नाजूक हे खरं. बाकी अक्षरं शिरोरेषेला धरून राहतात, टिंब बिचारं एकटं. तो डाव्या हाताने घासत बसे. एका टिंबाला अख्खी सकाळ जाई, नि व्हायचं ते एका बाजूने चेपलेलं. ती "वा!" म्हणे आणि तो घरी गेला की मशीनवर दुसरं गोल कापून लावी. गिऱ्हाईक नावं ठेवेल ही धास्ती. त्याची टिंबं खणात जात. आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

मग मुलांच्या इस्पितळातल्या खेळायच्या खोलीचं काम आलं. आत फोमचं जंगल, दाराशेजारी मुलांच्या हाताला लागेल अशी पाटी: गंमतघर. पाटी बघायला तो हौसेने गेला, टिंबावरून बोट फिरवलं नि थांबला.

"हे माझं नाही."

ती पाटीची कड पुसू लागली.

"लहान मूल आहे का गं मी, खेळवायला?" एवढंच बोलला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात येणं बंद.

चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी ती इस्पितळात गेली, पाटीवरचं टिंब काढून घेतलं आणि खणातली सगळी टिंबं पिशवीत भरून घरी आली. पाठोपाठ सिस्टरचा फोन.

"अहो बाई, गमतघर झालंय इथे! उद्या मुलं यायचीत."

"टिंबवाले रुसलेत, सिस्टर. ते आले तरच लागेल."

तो ताडकन म्हणाला, "पाटी तशीच उघडी ठेवून आलीस? वेड लागलंय का?"

"टिंबाशिवाय कसली गंमत?" म्हणत तिने पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "चुकलं माझं."

तो बराच वेळ पिशवीत चाचपत राहिला. शेवटी एक टिंब उचललं. "गोंद घट्ट घे. मागच्या वेळी पातळ होता."

पाटीपुढे उभं राहून त्याने विचारलं, "चेपलेली बाजू वर की खाली?"

"तुम्ही ठरवा."

त्याचा डावा हात टिंब घेऊन हळूहळू पाटीकडे गेला. आपले हात मदतीला धावू नयेत म्हणून तिने ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले.