बुधवार की गुरुवार

अमेरिकेत, आमच्या जॉर्जियातल्या अल्फारेटात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू होते. ऊन तेव्हा जूनइतकंच कडक असतं, आमच्या कॉलनीच्या पूलमध्ये लहान मुलं अजून डुंबत असतात आणि झाडाचं एक पानही पिवळं झालेलं नसतं. घरात मात्र एका रविवारात उन्हाळा संपतो. दोन महिने दहा वाजता उठणाऱ्या मुलीला सहाला उठवायचं, मग डबा, बस, व्हायोलिन, मराठी शाळा, गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी. ऑफिसात सगळे सुट्टीवरून परतलेले, त्यामुळे मीटिंगांना ऊत आलेला. माझा नवरा सोमवारी सकाळच्या विमानाने प्रोजेक्टवर जातो तो गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. दरवर्षी या दिवसांत माझी त्रेधा उडायची. एका वर्षी तर गराजमध्ये गाडी बंद करून मी वीस मिनिटं तशीच बसून राहिले होते, कारण आत गेलं की कुणीतरी काहीतरी मागणार, एवढंच डोक्यात होतं.

तीन वर्षांपूर्वी मुलगी सहावीत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये गेली, तेव्हा मी ठरवलं की यंदा असं होऊ द्यायचं नाही. जुलैच्या शेवटी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठा पांढरा फळा लावला. मुलीची कामं हिरव्या मार्करने, माझी निळ्या, नवऱ्याची लाल. रविवारी दुपारी तासभर बसून अख्खा आठवडा लिहून काढायचा. पहिले दोन आठवडे खरंच छान गेले. मी फळ्याचा फोटो काढून इथल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भराभर अंगठे आले, बदाम आले. 'कसं जमतं गं तुला', 'आम्हालाही शिकव'. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं काम बघणाऱ्या एका काकूंनी तर फोनच केला. सप्टेंबरमध्ये बायकांचा मेळावा होता, त्यात मी दहा मिनिटं बोलावं असं त्यांचं म्हणणं. विषयही त्यांनीच सुचवला, उन्हाळ्यातून फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, न दमता कसं जायचं. मी थोडे आढेवेढे घेतले आणि हो म्हणाले. ते कौतुक मला फार आवडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी तेच होतं.

आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर माझी एक मैत्रीण राहते. मूळची कोल्हापूरची, इथे एका लॅबमध्ये काम करते. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, दोघी शाळेच्या ऑर्केस्ट्रात. माझी व्हायोलिन वाजवते, तिची चेलो, म्हणजे व्हायोलिनचाच मोठा भाऊ. सकाळी मैत्रीण दोघींना शाळेत सोडायची आणि मंगळवारी प्रॅक्टिस संपली की पाच वाजता मी दोघींना आणायची. बाकीच्या दिवशी मुली बसने यायच्या.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, मी मुलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन चालले होते. गाडी चालवत असताना मैत्रिणीचा फोन आला. मी तो गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"बुधवारी फक्त चेलोवाल्यांची जादा प्रॅक्टिस आहे," ती म्हणाली. "मला नेमकं गुडघ्याच्या फिजिओला जायचंय. तू आणशील का तिला पाचला?"

"आणीन की. त्यात काय," मी म्हणाले. घरी गेल्यावर फळ्यावर लिहायचं असं मनात ठरवलं. घरी गेले तर ऑफिसचा फोन वाजत होता. लिहायचं राहून गेलं.

बुधवारी पावणेसहाला मी पोळ्या लाटत होते. माझी मुलगी बसने कधीच घरी आलेली होती आणि ओट्याजवळच्या टेबलावर गृहपाठ करत बसली होती. मैत्रिणीचा फोन आला.

"पोचलात का घरी? तिचा फोन बंद लागतोय."

"कोण पोचलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला आठवलं. तेव्हा 'अगं, मी विसरले, आत्ता निघते' एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "अगं, आज? तू गुरुवार म्हणालीस ना."

पलीकडे ती एकदम गप्प झाली.

"गुरुवार म्हणाले मी?"

"हो. गुरुवारच म्हणालीस. मी फळ्यावर लिहून ठेवलंय."

"अगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "सॉरी गं. मला पोचायला चाळीस मिनिटं लागतील. तू जाशील का आता?"

"निघालेच," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि गॅस बंद केला. मी निळा मार्कर घेतला आणि गुरुवारच्या रकान्यात लिहिलं, 'चेलो, पाच वाजता'. मागे वळले तर मुलगी बघत होती.

"आई," ती म्हणाली, "शी सेड वेन्सडे. आय वॉज इन द कार."

"तू गृहपाठ कर," मी म्हणाले आणि किल्ल्या उचलल्या.

शाळेच्या बाहेर फुटपाथच्या कडेला मैत्रिणीची मुलगी बसलेली होती. शेजारी तिच्याहून उंच अशी चेलोची पेटी. उन्हाने चेहरा लालबुंद झालेला. शाळेत सफाईचं काम करणाऱ्या एक बाई तिच्याजवळ उभ्या होत्या. त्यांनीच तिला पाण्याची बाटली आणून दिली होती. मला बघून त्यांनी पेटी गाडीत ठेवायला हात लावला. गाडीत बसल्यावर मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मॉम फरगॉट टु टेल यू, राइट?"

मी म्हणाले, "थोडा गोंधळ झाला बेटा."

आता मैत्रिणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा पूर्ण ठाऊक होती. कोल्हापुरात तिच्या आईला काही वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. सुरुवातीला वार चुकायचे, मग नातवंडांची नावं. त्या उन्हाळ्यात तर व्हिडिओ कॉलवर लेकीलाच 'तुम्ही कोण' म्हणाल्या होत्या. हे मला माझ्या मैत्रिणीनेच तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर विचारलं होतं, "माझंही असंच होणार असेल का गं?" त्यावर मी तिचा हात हातात घेतला होता. फोनवर खोटं बोलताना हे मी मनात आणलं नव्हतं. पण ते इतकं सहज खपलं ते कशामुळे, हे मला ती गप्प झाली त्या क्षणीच कळलं होतं.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा फोन करून माझी माफी मागितली. मी म्हणाले, "होतं गं असं." पुढच्या आठवड्यापासून ती प्रत्येक गोष्ट दोनदा मेसेज करून विचारायला लागली. 'मंगळवारी तूच आणणार ना?' आणि तासाभराने, 'मी तुला मंगळवारचं विचारलं होतं का?' मी दर वेळी लगेच उत्तर द्यायचे, अगदी गोड शब्दांत. जितकी गोड उत्तरं द्यायचे तितकं मला स्वतःचं तोंड बघवेनासं व्हायचं.

घरात माझी मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या बाहेर मैत्रीण भेटली. सामान डिकीत ठेवता ठेवता म्हणाली, "न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. शब्द सांगतात म्हणे, आणि थोड्या वेळाने आठवायला लावतात." ती हसली. "मी रोज घरी प्रॅक्टिस करतेय. पाच शब्द लिहिते, कागद उलटा ठेवते."

तिथे सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "तुला काही झालेलं नाही. उगाच काळजी करतेस." आणि गाडीत बसून निघाले. घरी पोचल्यावर लक्षात आलं की कोथिंबीर आणि दूध ट्रॉलीतच राहिलं.

मेळाव्याला पन्नासेक बायका होत्या. मी बोलले. फळ्याचा फोटो पडद्यावर दाखवला. आठवडा रविवारीच कसा लिहून काढायचा, ऑगस्टमध्ये एकदम सगळं अंगावर घ्यायचं नाही, आधी झोप आणि डबे मार्गी लावायचे, बाकीचं हळूहळू, असं बरंच काही. सगळं खरंही होतं. बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. मैत्रीण दुसऱ्या रांगेत वही घेऊन बसली होती आणि लिहून घेत होती. शेवटी काकूंनी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर तिने हात वर केला.

"समजा आपण एखाद्याला काही सांगितलं," ती म्हणाली, "आणि नंतर आपल्याला वेगळंच आठवत असेल, तर काय करायचं? म्हणजे सांगतानाच चूक होऊ नये म्हणून?"

बाकीच्यांना तो साधा प्रश्न वाटला. मी म्हणाले, "तोंडी सांगायचं नाही. मेसेज करायचा." तिने तेही वहीत लिहून घेतलं.

जेवणाला मी थांबले नाही. डोकं दुखतंय म्हणून निघाले. घरी येऊन मुलीच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती पुस्तक वाचत होती.

"मी मावशीला सांगणार आहे," मी म्हणाले. काय, हे तिने विचारलं नाही.

"व्हेन?"

"उद्या सकाळी."

"ओके," ती म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालतच मैत्रिणीकडे गेले. ती डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसली होती. तिचा नवरा बाहेर गेला होता. तिने चहा विचारला. मी नको म्हणाले, खुर्चीत बसले आणि सांगून टाकलं. तू बुधवारच म्हणाली होतीस, मी विसरले आणि तुझ्यावर ढकललं. फळ्यावरही नंतर लिहिलं.

तिने हातातली काडी खाली ठेवली.

"म्हणजे मी बुधवार म्हणाले होते?"

"हो."

"नक्की? तुला नीट आठवतंय?"

"नक्की. माझ्या लेकीनेही ऐकलंय. ती गाडीत होती."

"बुधवार," ती म्हणाली. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय मला कळेना. बहुतेक दोन्ही होतं. मी उठून जवळ जाणार होते पण तिने हाताने थांबवलं. चेहरा पुसला आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"विसरलीस ते ठीक आहे," ती म्हणाली. "कुणीही विसरतं. पण काल मी तुला सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हाही तू..."

मी सॉरी म्हणाले. ते त्या टेबलावर पडून राहिलं, तिने उचललं नाही.

"तिलाही सांग," ती म्हणाली. "तीन आठवडे ती मला म्हणतेय, मॉम, आर यू शुअर, मॉम, डबल चेक."

तिने मुलीला हाक मारली. मुलगी पायजम्यात खाली आली, मला 'हाय मावशी' म्हणाली. अकरा वर्षांच्या मुलीसमोर कबुली देणं तिच्या आईसमोर देण्याहून कितीतरी कठीण होतं. मोठ्यांशी बोलताना आपण शब्दांआड थोडं तरी लपतो. इथे मला सोप्या इंग्रजीत, एका वाक्यात सांगावं लागलं की त्या दिवशी तुझी आई चुकली नव्हती, मी चुकले आणि खोटं बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, "सो यू वर राइट?"

"हो," तिची आई म्हणाली.

मुलगी टेबलाला वळसा घालून गेली आणि आईच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. मी तिथून निघाले. दारापर्यंत कुणी आलं नाही.

डॉक्टरची अपॉइंटमेंट तिने कॅन्सल केली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. खरं काय ते कळल्यावरही एकदा पेरलेली शंका तिच्या मनातून गेली नव्हती. आठवडाभराने तिचा मेसेज आला, 'टेस्ट नॉर्मल आहे'. एवढाच. मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा खोडलं. शेवटी 'बरं वाटलं' एवढं पाठवलं. मुलींची एकत्र ने-आण त्याच महिन्यात बंद झाली. कुणी तसं बोललं नाही. एका सोमवारी सकाळी ती आली नाही आणि मी माझ्या मुलीला बसच्या थांब्यावर सोडून आले.

मी पुढच्या वर्षी कमी गोष्टींना हो म्हणाले. गणपतीच्या तालमी सोडल्या, काकूंना सरळ सांगितलं की मला झेपत नाही. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्या लेखी मी त्यातली तज्ज्ञ होते. ऑगस्ट अजूनही कठीण जातो. गोष्टी विसरल्या जातातच. विसरले की मी लगेच, समोरचा रागावायच्या आत, विसरले म्हणते. ते म्हणताना दर वेळी मला तो शाळेबाहेरचा फुटपाथ दिसतो.

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी पहिल्यांदा हवेत गारवा आला, तेव्हा मी तळ्याकाठी चालायला गेले होते. समोरून मैत्रीण येत होती, बरोबर तिची कुणी ऑफिसातली बाई. आम्ही थांबलो. थंडी यंदा उशिरा आली असं मी म्हणाले, तिनेही हो म्हटलं. गुडघा कसा आहे विचारलं, बरा आहे म्हणाली. मुलींची चौकशी झाली. मग तिने त्या बाईला माझी ओळख करून दिली. काय सांगावं म्हणून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "या आमच्या शेजारी राहतात."

'ही' नाही, 'या' म्हणाली. मी हसून नमस्कार केला आणि पुढे चालायला लागले.